शेवटच्या गाठीचं शुल्क

पहिल्या प्रयोगात शेडमधल्या एकाही विणकरणीला स्वतःच्या गालिच्यावर स्वतःचं नाव लावता आलं नाही, आणि हे सगळं धाकटीच्या थोरल्या बहिणीच्या डोळ्यांदेखत घडलं.

सुरुवात झकास झाली होती. लांबलचक शेड, दोन्ही भिंतींना लागून उभे माग, उंच खिडक्यांतून तिरपं येणारं ऊन आणि त्या उन्हात तरंगणारे लोकरीचे तंतू. मधल्या मोकळ्या जागेत तयार गालिचे उलगडून ठेवले होते. प्रत्येकीनं आपापल्या गालिच्याचा फोटो काढला, फोनवर अंगठा टेकवला, नाव बरोबर आहे ना ते पाहिलं आणि 'नोंद करा' असं लिहिलेलं हिरवं बटण दाबलं. धाकटी हाताची घडी घालून मागे उभी होती. हे बटण तिनं बनवलं होतं. त्याचा हिरवा रंगसुद्धा तिनंच निवडला होता.

मग एकामागून एक सगळ्या फोनांवर लाल पट्टी आली: 'गॅससाठी पुरेशी शिल्लक नाही.'

"गॅस?" खिडकीपाशी बसणारी एक जण म्हणाली. "घरी तर कालच नवीन आणलाय."

हशा पिकला. ती थोरली बहीण, ताई, हसली नाही. ती विणकरांच्या संस्थेची अध्यक्ष होती, आणि अध्यक्षांना त्या दिवशी हसण्यासारखं काही नव्हतं.

कारण असं की बाजारात या शेडच्या नावानं नकली गालिचे फिरत होते. लांबच्या गिऱ्हाइकाला खरा कोणता आणि खोटा कोणता हे कळायला मार्ग नव्हता. अशात एका बड्या व्यापाऱ्यानं सगळा माल उचलायची तयारी दाखवली. अट एकच. गालिच्यावर चिठ्ठी त्याच्या नावाची लागेल, विणणारीचं नाव कुठंही नाही. ताईनं त्याला थांबवून ठेवलं होतं, आणि तेही धाकटीच्या शब्दावर. धाकटी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती, आणि गालिचा कुणी विणला याची नोंद ब्लॉकचेनवर करणारं ॲप तिथं तयार होत होतं.

ब्लॉकचेन म्हणजे काय, हे ताईनं तेव्हा एकदाच विचारलं होतं.

"अशी वही, जिच्या प्रती जगभर हजारो संगणकांवर आहेत," धाकटी म्हणाली होती. "एकदा लिहिलं की कुणालाच खोडता येत नाही. व्यापाऱ्याला नाही, मला नाही, तुलाही नाही."

"आणि लिहिणार कोण?"

"जिनं विणला ती. तिच्या सहीशिवाय ओळ उमटतच नाही."

एवढं ऐकून ताईनं व्यापाऱ्याकडून संस्थेच्या सभेपर्यंतची मुदत मागून घेतली. सभेत सभासद काय ते ठरवतील. ॲप चाललं तर ठीक, नाही चाललं तर व्यापाऱ्याची चिठ्ठी. आणि आता सभा तोंडावर आली असताना शेडभर लाल पट्ट्या लागल्या होत्या.

धाकटीनं एकीचा फोन हातात घेतला आणि तिच्या लक्षात आलं. त्या वहीत ओळ लिहायची तर वही सांभाळणाऱ्या संगणकांना शुल्क द्यावं लागतं. संगणकवाले त्यालाच गॅस म्हणतात. शुल्क तसं किरकोळ, पण ते साध्या पैशात चालत नाही. त्याच ब्लॉकचेनच्या, म्हणजे त्या साखळीच्या, डिजिटल नाण्यात भरावं लागतं. या बायकांची खाती कोरी करकरीत होती. त्यात नाणं कुठून असणार?

आणि हे कंपनीत कुणाच्याच ध्यानात का आलं नव्हतं, तर तिथं कुणाचंच खातं कधी कोरं नव्हतं. सरावासाठी संगणकवाल्यांची एक खोटी साखळी असते. तिथं नळ सोडावा तशी नाणी फुकट मिळतात. सगळे त्या नळावर भरून घेतात आणि कामाला लागतात. खऱ्या साखळीवर शेवटची चाचणी धाकटीनं स्वतःच्या फोनवर घेतली होती, आणि तिच्या खात्यात जुनी नाणी पडून होती. रिकाम्या खिशानं या दारात उभं राहिलं की काय दिसतं, हे दार बांधणाऱ्यांपैकी एकानंही पाहिलं नव्हतं. धाकटीनं हे सगळं ताईला सांगून टाकलं.

"म्हणजे आता काय करायचं?" ताईनं विचारलं.

"प्रत्येकीनं नाणी विकत घ्यायची. त्यासाठी या नाण्यांच्या एका ऑनलाइन बाजारात खातं उघडायचं. ओळखपत्र दाखवायचं, चेहऱ्याचा फोटो द्यायचा..."

"मान डावीकडे, मान उजवीकडे," हिशेबनीस मध्येच म्हणाला. संस्थेचे हिशेब तोच बघायचा आणि व्यापाऱ्याच्या बाजूनं होता. "माझ्या मेव्हण्यानं केलंय ते. आठवडाभर मान हलवत होता. शेवटी आला निरोप, की चेहरा जुळत नाही."

पुन्हा हशा. या वेळी मागच्या दारात उभा असलेला रंगारीही हसला. तो मागच्या अंगणात लोकर रंगवायचा आणि पहिल्यापासून या प्रकाराला 'फोनचं खूळ' म्हणायचा.

एक बाई मात्र हसली नाही. तिला सगळे मास्तरीण म्हणत. ती कुठल्या शाळेत कधी शिकवायला नव्हती, पण शेडमधली प्रत्येक जण तिच्या मागावर हात बसवूनच शिकली होती. तिनं आपला फोन पुसला, धाकटीच्या हातात दिला आणि म्हणाली, "गालिचा माझा, हात माझे. मग नाव लावायला तिसऱ्याच्याच दारात उभं राहायचं? झालं की बोलाव गं मला."

बायका मागांवर परतल्या. ताई आणि धाकटी गालिचे गुंडाळायला लागल्या. दोघी दोन टोकांना, गुडघ्यांवर.

"तुझ्या शब्दावर मी त्या माणसाला ताटकळत ठेवलंय," ताई म्हणाली.

"माहितीये."

"माहिती असून उपयोग काय? सभेत उभी राहून मी काय सांगू, नळाचं पाणी खोटं होतं म्हणून?"

"ताई, करते मी काहीतरी."

"काहीतरी नको," ताई म्हणाली. "नीट कर."

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या मालकानं सगळं ऐकून घेतलं आणि लगेच तोडगा काढला. तो चांगला माणूस होता, फक्त त्याला प्रत्येक गोष्ट घाईनं सुचायची.

"सोपं आहे. सगळ्यांच्या सह्या आपल्याकडे ठेवू. बायकांनी बटण दाबलं की इथून आपण सही करायची, शुल्कही आपणच भरायचं. त्यांना कळणारसुद्धा नाही."

"म्हणजे सही आपली, नाव त्यांचं."

"अगं, नव्या माणसाला काय हवं असतं? बटण दाबलं, काम झालं. जगभर असंच चालतं."

हे खोटं नव्हतं. काम दोन दिवसांचं होतं, सभा गाठता आली असती आणि ताईची लाज राखली गेली असती. धाकटीनं "बघते" म्हटलं आणि दुपारी शेड गाठली. मास्तरिणीचा फोन परत द्यायचा, एवढंच निमित्त.

मास्तरिणीच्या मागाशेजारचा एक माग थांबलेला होता. त्यावरचा गालिचा पुरा झाल्यासारखा दिसत होता. निळ्या जमिनीवर पांढऱ्या फांद्या, किनार चारी बाजूंनी बंद. फक्त वरच्या कोपऱ्यात ताण्याचे दोन उभे धागे उघडे होते.

"हा उतरवला का नाही अजून?" धाकटीनं विचारलं.

"शेवटची गाठ राहिलीये," ताई म्हणाली. "ती लेकीच्या बाळंतपणाला गेलीये. आली की मारेल."

"एकच तर गाठ आहे. कुणीही मारली असती."

शेजारच्या दोन मागांवरचे हात थांबले. मास्तरिणीनं चष्म्यावरून धाकटीकडे पाहिलं. या शेडीत लहानपणी लोकरीच्या ढिगांवर लोळलेल्या मुलीनं हे बोलावं, याचं तिला खरंच नवल वाटलं असावं.

"मधल्या गाठी कुणीही माराव्यात," ती म्हणाली. "हात दुखला, डोळे आले, शेजारीण बसते मागावर. मी बसलेय, माझ्याही मागावर बसल्यात. पण शेवटची गाठ जिची तिनं मारायची. ती मारली म्हणजे तिनं सांगितलं, की हा माझा, याचं बरंवाईट माझ्यावर. ते दुसरीनं कसं सांगायचं?"

"गिऱ्हाईक खोळंबलंय त्याचं," ताई म्हणाली. "मी पत्र पाठवलं, की थांबा. थांबलंय."

धाकटीनं मास्तरिणीचा फोन तिच्या हातात ठेवला आणि निघाली. परत जाताना तिच्या डोक्यात मालकाचं 'त्यांना कळणारसुद्धा नाही' हे वाक्य फिरत होतं, आणि ते आता तिला चांगलंच टोचत होतं.

"सर, सही त्यांचीच राहणार," तिनं ऑफिसात पाऊल टाकताच सांगितलं.

"आणि शुल्क?"

"ते वेगळं काढता येतं. पत्र लिहिणारा एक आणि तिकीट लावणारा दुसरा, असं चालतं की नाही? सही तिच्या फोनवर, तिच्या अंगठ्यानं. ती सही झालेली ओळ एका पेटीकडे जाईल. पेटीत नाणी असतील. पेटी फक्त शुल्क भरेल आणि ओळ पुढे पाठवेल. ओळीत एक अक्षर बदलायची ताकद पेटीत नसेल."

मालकानं हनुवटी खाजवली. "दोन दिवसांत होणार नाही हे."

"नाही होणार. पण सभेच्या आधी होईल."

"आणि पेटीत नाणी कुणाची?"

"ते... सध्या आपली."

"चालेल," मालक म्हणाला. तो पुन्हा खुशीत आला होता. "पहिले काही महिने नव्यांसाठी मोफत! तसं मोठ्या अक्षरांत टाक."

धाकटीनं टाकलं, पण अक्षरं लहान ठेवली.

त्या दिवसांत तिनं ऑफिसात एक नियम केला. चाचणी घ्यायची तर फोन पूर्ण पुसून, खातं कोरं करून. जुन्या खात्यावर घेतलेली चाचणी धरली जाणार नाही. पहिल्याच फेरीत मालक स्वतः अडकला. आपल्याच ॲपमध्ये त्याला पुढे जायचं बटण सापडेना. त्यानं फोन उलटासुलटा करून पाहिला, मग इकडेतिकडे बघत हळूच विचारलं, "हे 'स्वाक्षरी विनंती प्रमाणित करा' म्हणजे नेमकं काय करा?"

"तेच विचारायचं होतं मला," धाकटी म्हणाली. ते शब्द तिनं काढून टाकले. त्यांच्या जागी लिहिलं: 'हा गालिचा मी विणला.' खाली बटण: 'हो.'

गॅस हा शब्दही गेला. नाणं गेलं. लाल पट्टी गेली. एक गोष्ट मात्र तिला काढता येईना. साखळीवर गर्दी झाली की शुल्क चढतं आणि गर्दी ओसरली की उतरतं. हे लपवायचं की सांगायचं? तिचे सहकारी म्हणाले, लपव, नवा माणूस घाबरतो. तिनं बराच विचार केला आणि सांगायचं ठरवलं. फक्त साध्या शब्दांत.

सभा शेडमध्येच भरली. मागांवर चादरी टाकल्या होत्या आणि मधल्या जागेत बाकं मांडली होती. हिशेबनिसानं व्यापाऱ्याचा प्रस्ताव स्वच्छ आवाजात वाचून दाखवला. प्रस्ताव वाईट नव्हता, आणि तो वाचून झाल्यावर बऱ्याच माना हललेल्या धाकटीनं पाहिल्या. मग ताई उभी राहिली.

"दुसरी बाजू दाखवायची आहे. मागच्या वेळी फजिती झाली, ती तुम्ही पाहिलीत. आज पुन्हा बघा आणि मग हात वर करा. मास्तरीणबाई, येताय?"

मास्तरीण आली. निळ्या जमिनीचा नवा गालिचा पुढ्यात उलगडला, फोटो काढला. ॲपवर आलं: 'हा गालिचा मी विणला.' तिनं ते मोठ्यानं वाचलं. "आता कसं माणसासारखं विचारलं," ती म्हणाली. पण बटणावर जाणारा तिचा अंगठा मध्येच थांबला. खालची लहान अक्षरं तिनं चष्मा वर करून, फोन डोळ्यांजवळ नेऊन वाचली. "शुल्क मोफत. म्हणजे? कोण भरतंय?"

"आमची कंपनी," धाकटी म्हणाली. "सुरुवातीचे काही महिने."

"का?"

"का म्हणजे... तुम्हाला सोपं जावं म्हणून."

"आणि नंतर?"

धाकटी पुन्हा त्या लहान अक्षरांकडे बघायला लागली. हिशेबनीस बाकावर मागे रेलला. त्याला बोलायची गरजच उरली नव्हती.

मास्तरिणीनं फोन बाकावर ठेवला. रागानं नाही, अगदी हलक्या हातानं. "पोरी, तू मेहनत केलीस, दिसतंय. पण माझ्या नावाचा खर्च दुसरा कुणी दया म्हणून करणार असेल, तर मग व्यापाऱ्याची चिठ्ठी काय वाईट? तोही खर्च करतोच आहे."

शेडमध्ये कुजबुज वाढली. ताईनं धाकटीकडे पाहिलं. त्या नजरेत रागबिग नव्हता, फक्त वाट पाहणं होतं, आणि ते रागापेक्षा जड होतं. धाकटीची नजर भिंतीकडच्या कोठाराच्या दाराकडे गेली. दाराबाहेर लोकरीच्या लडी रंगांप्रमाणे लावलेल्या होत्या.

"बाई," ती म्हणाली, "या गालिच्याची लोकर कुणी दिली?"

"कोणी म्हणजे? कोठारातून उचलली."

"पैसे दिलेत तेव्हा?"

"तेव्हा कशाला देऊ? कोठार संस्थेचं आहे. गालिचा विकला की लोकरीचे वळते होतात. आजवर असंच चाललंय. तुला माहीत नाही होय?"

"मग ती लोकर मोफत झाली का? की दया झाली?"

"काहीतरीच काय! माझ्याच गालिच्यातून जातात पैसे."

"शुल्कही तसंच घेऊ," धाकटी म्हणाली. बोलता बोलता तिला ते स्वतःलाही पहिल्यांदाच स्पष्ट दिसत होतं. "पेटी कंपनीची नको. संस्थेची करू, कोठारासारखी. नाणी संस्थेनं एकदम आणून ठेवायची. तुमच्यापैकी कुणीही कुठंही मान हलवायला जायचं नाही. सही करताना पेटी शुल्क भरेल, आणि गालिचा विकला की लोकरीबरोबर तेही वळतं होईल. जिचं तिच्या गालिच्यातून."

 मग सगळ्यांच्या माना हिशेबनिसाकडे वळल्या, कारण वळतं करणारा तोच होता.

"करता येईल," तो नाइलाजानं म्हणाला. "एक रकाना वाढवायचा. लोकर, रंग, धुलाई, आणि हे... काय ते."

"नोंदणी," ताई म्हणाली.

"पण नाणी आणणार कोण? मान मी हलवणार नाही, आधीच सांगतो."

"आत्ता आमच्याकडची संस्थेला विकत देते," धाकटी म्हणाली. "बिल देते, पैसे देऊन पावती घ्या. पुढच्या खेपेला संस्थेच्या नावानं रीतसर खातं उघडू. मान ताई हलवेल."

या वेळच्या हशात ताईचाही आवाज होता.

धाकटीनं बाहेर जाऊन मालकाला फोन लावला. "मोफत नको म्हणतात? फुकट दिलेलं नको?" त्याचा विश्वासच बसेना. मग तो म्हणाला, "बरं. विक त्यांना. योग्य भावानं." हिशेबनिसानं पैसे देऊन पावती घेतली, ताईनं अध्यक्ष म्हणून संस्थेच्या नव्या पेटीसाठी आपल्या फोनवर अंगठा टेकवला, आणि स्क्रीनवरची ती लहान अक्षरं धाकटीनं सगळ्यांसमोर बदलली: 'शुल्क संस्थेच्या पेटीतून. विक्रीनंतर वळतं होईल.'

मास्तरिणीनं पुन्हा फोन उचलला. वाचलं. अंगठा टेकवला. 'हो' दाबलं.

स्क्रीनवर शब्द आले: 'तुमची सही झाली. वहीत लिहायला आत्ता गर्दी आहे, म्हणून शुल्क चढलेलं आहे. थोडं थांबलात तर उतरेल. आत्ताच लिहू की थांबू?'

"झालं," मागून कुणीतरी म्हणालं. "अडकलं पुन्हा."

 हेच ते तिनं लपवलं नव्हतं. नवा माणूस घाबरतो, असं सगळे सांगत होते, आणि मास्तरिणीपेक्षा नवं त्या शेडीत कुणी नव्हतं. तिला पुढे होऊन म्हणावंसं वाटलं, की बाई, 'आत्ताच' दाबा, फरक पैशा-अधेल्याचा आहे. ती जागची हलली नाही.

मास्तरिणीनं वाक्य पुन्हा वाचलं. "थांबू," ती म्हणाली, आणि दाबलं.

"अहो, बंद पडलं असेल ते," हिशेबनीस म्हणाला.

"बंद कशाला पडेल? गर्दी आहे. मी थांबायचं म्हटलंय." तिनं फोन मांडीवर उताणा ठेवला. "पेटी सगळ्यांची आहे. मला कसली घाई आहे म्हणून जास्त उपसायचं? सही माझी झालीये. आता ती कुठं पळून जाते का?"

ती निवांत बसली. शेजारणीकडे वळून तिच्या सुनेची चौकशी करायला लागली. कुणीतरी चहा आणला. बाकांवर बोलणं सुरू झालं, पण डोळे सगळ्यांचे त्या फोनवर. ज्या बाईनं आठवड्यामागे फोन पुसून धाकटीच्या हातात दिला होता, ती आज जगभर पसरलेल्या त्या वहीला रांगेत उभं करून सुनेची चौकशी करत होती. धाकटी भिंतीला टेकून तिच्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं लिहिलेला कुठलाही प्रोग्रॅम कुणी इतक्या ऐटीत वापरलेला तिनं पाहिला नव्हता.

चहा संपायच्या आत फोन थरथरला.

ताईनं गालिच्याच्या कोपऱ्यावर शिवलेली क्यूआर कोडची खूण आपल्या फोननं टिपली, जशी उद्या लांबचं एखादं गिऱ्हाईक टिपेल. तिच्या फोनवर तो गालिचा आला, विणल्याची तारीख आली आणि खाली मास्तरिणीचं संपूर्ण नाव आलं. तिचं, वडिलांचं, आडनावासकट. मागच्या बाकांवरच्या पोरींनी ते नाव आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं.

"हे बाईंचं नाव?" एक जण पुटपुटली. "मला वाटलं मास्तरीणच."

"परत वाच," मास्तरीण ताईला म्हणाली.

ताईनं परत वाचलं, या वेळी उभी राहून. आणि मग कुणीही विचारलं नसताना तिनं हात भिंतीकडे दाखवला. "हे माझ्या बहिणीनं केलंय. नीट केलंय." एवढंच म्हणून ती बसली, आणि धाकटीला चहाचा रिकामा कप कुठं ठेवावा ते कळेना.

हात वर करायची वेळ आली तेव्हा हिशेबनीस मोजायला उठला, पण मोजण्यासारखं फारसं नव्हतं. त्याचा स्वतःचाही हात वर होता. "रकाना मीच आखणार आहे ना," तो जवळच्या बाईला म्हणाला, "मग विरोध कशाला?" व्यापाऱ्याला कळवायचं पत्र तिथंच लिहायला घेतलं. त्यात 'चिठ्ठी आमचीच' असं लिहावं की जरा मऊ भाषा वापरावी, यावर दोन बाकं आपसात भांडू लागली.

या गलक्यात रंगारी मागच्या दारातून पुढे आला. कोपरापर्यंत निळा, बोटं जांभळट काळी. धाकटीपुढे येऊन त्यानं घसा खाकरला.

"एक विचारू? ही निळी जमीन कुणी रंगवली?"

"तुम्ही."

"मग ती आभाळातून पडल्यासारखी का दिसते तुझ्या वहीत? तिथं माझं नाव कुठं आहे?"

"तुम्ही तर खूळ म्हणत होतात," ताई म्हणाली.

"म्हणत होतो. मला विचारलं होतं का कुणी?"

"दोन नोंदी म्हणजे दोनदा शुल्क," हिशेबनीस लांबूनच ओरडला. "रकाना एकच आहे!"

"एकाच ओळीत दोन सह्या बसव," रंगारी म्हणाला. "माझी आधी, लोकर कोठारात जाताना. तिची नंतर."

धाकटीनं डोळे बारीक करून विचार केला. रंगाऱ्याची सही गालिचा पुरा होईपर्यंत धरून ठेवावी लागेल. अवघड होतं, पण होण्यासारखं होतं.

"बसेल," ती म्हणाली. "काढा फोन."

त्यानं फोन काढला, अंगठा पँटीवर घासला आणि टेकवला. फोननं नकार दिला. त्यानं दुसरा अंगठा टेकवला. पुन्हा नकार. तिसऱ्यांदा त्यानं इतक्या जोरात दाबलं की फोन हातातून निसटायला आला.

"वर्षानुवर्षं रंगात आहेत," तो ओशाळून म्हणाला. "रेघाच राहिल्या नाहीत बोटांना. आता आमच्यासारख्यानं सही कशी करायची?"

धाकटीनं बाक ओढलं, त्याच्यासमोर मांडलं आणि बसली.

"दाखवा बघू दोन्ही हात," ती म्हणाली.